कोरडा हात

५ फेब्रुवारी

रंगारणीला, समोरच्या कोळसेवालीकडून.

खुशाली विचारत नाही. इतक्या वर्षांत तू माझी विचारली नाहीस, मग मी का सुरुवात करू? पत्ता इस्त्रीवाल्यानं दिला, त्याचा मेहुणा तुमच्या वसाहतीत राहतो. तुझ्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, पत्रं सून वाचते, असंही तोच म्हणाला. तर सूनबाई, आपली ओळख नाही. तू त्या घरात आलीस ती ही मंडळी गल्ली सोडून गेल्यावर. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांच्या रांगेत कुणी पाय दिल्यासारखं आहे, चार इयत्तांत याहून बरं होत नाही. सावकाश वाच, मोठ्यानं वाच, आणि मध्ये शिवी आली तर गाळू नकोस. तुझ्या सासूला माझ्या सगळ्या शिव्या पाठ आहेत. एक कमी पडली तरी तिला कळेल.

रंगारणी, आपण भांडलो ते आठवतं का तुला? मला शब्दन् शब्द आठवतो. ट्रकमध्ये तुझी भांडी चढत होती. तू म्हणालीस, "तूही चल. हंडेच विझले तर तुझा कोळसा घेणार कोण?" मी म्हणाले, माझं घर इथे आहे. तू म्हणालीस, "कोळशाला कसलं घर? ओतला तिथे ढीग." ट्रकवाला हसला. तो हसला नसता तर मी विसरलेही असते. असो. दोघी मूर्ख होतो, त्यात तू थोडी जास्त.

काम आहे म्हणून लिहिते. तुझा निळीचा मोठा हंडा ट्रकमध्ये मावला नव्हता. तो माझ्याकडेच आहे. इतके दिवस मागच्या अंगणात पाणी भरायला वापरला, आता पुढे दारात आणून पालथा घातलाय. चालेल ना? लोक बघतात त्याच्याकडे.

लोक कुठले म्हणशील. गल्ली तू ओळखणार नाहीस. तुझ्या शेडमध्ये आता कॉफी मिळते. भिंतीवरचे निळे डाग त्यांनी तसेच ठेवलेत, वर दिवे सोडलेत. आपण जन्मभर डाग घासले, हे डागांवर उजेड पाडतात. माझ्या वखारीत मेणबत्त्या विकतात, वासाच्या. एकीवर लिहिलंय, जुन्या लाकडाचा वास. मी म्हटलं, जुनं लाकूड हुंगायचं असेल तर माझ्या चौकटीला नाक लावा, फुकट आहे. पोरगी हसली आणि मला एक कप कॉफी दिली. कडू होती. मी चांगली आहे म्हणाले.

माझी नात एका संस्थेत कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी ती वीस-पंचवीस जणांना घेऊन गल्ली दाखवत फिरते. ज्या गल्लीतून माणसं नाकाला पदर लावून पळायची, तिच्यात आता तिकीट काढून रांगेनं येतात. माझ्या दाराशी थांबतात. मी दोन शब्द बोलते.

एक विचारायचं होतं, अगदी सहज. हंडा तयार झाला हे तू बोट जिभेला लावून सांगायचीस. ती चव कशी असायची? मला कधी सांगितलं नाहीस. मनात आलं म्हणून विचारलं.

कोळसेवाली

२७ फेब्रुवारी

रंगारणी,

तुझं पत्र आलं. सूनबाईचं अक्षर सुरेख आहे, छापल्यासारखं. मला वाटलं होतं तू उत्तर देणार नाहीस, दिलंस तर त्यात चार टोमणे असतील. एकही नाही. हंडा ठेव, तुझाच समज, असं लिहिलंस. हे वाचून मला जरा बसावं लागलं. गुडघ्यांचा त्रास आहे.

चवीचंही छान सांगितलंस. आधी गोडसर लागते, मग जिभेच्या टोकाला चावते, चावली की हंडा जागा झाला. मी हे दोनदा वाचून घेतलं, विसरू नये म्हणून.

आता तुला गल्लीच्या गमती सांगते. तुम्ही गेल्यावर आधी गॅरेजवाले आले. तुझ्या शेडमध्ये मोटारी उघडून ठेवायचे, सगळीकडे काळं तेल. तेव्हा मला वाटलं, चला, काळ्याचे दिवस आले, आपलं कुणीतरी आलं. तेही गेले. मग बरीच वर्षं नुसती कुलपं आणि कुत्री. तिसऱ्या खेपेला हे दिवेवाले आले. आधी एक पोरगा आला गंजलेले पाईप बघायला. मला वाटलं भंगारवाला. म्हटलं, घेऊन जा बाबा, फुकट ने. तो म्हणतो, "नाही आजी, हे असेच ठेवायचेत." गंज काढत नाहीत बाई, गंजावर चकाकी मारतात!

गटार आठवतं? सकाळी उठून गटार बघितलं की कळायचं, आज कुणाच्या घरी कुठला रंग आहे. लाल असलं की तुझ्या दिराचं काम, हिरवं असलं की टोकाच्या म्हाताऱ्याचं. काळं असलं की सगळेच ओरडायचे, कारण दुपारचं धुणं काळं व्हायचं. हे मी लोकांना सांगितलं तर त्यांनी माना इतक्या हलवल्या की वाटलं पडतील. वासाचं सांगायला गेले तर नात म्हणते, "आजी, वास राहू दे." वास काढला तर आपल्या गल्लीत उरलं काय?

आणखी एक. तुझा नवरा गेला तो दिवस मी पाहिला नाही. मी स्टेशनवर कोळशाच्या वॅगनपाशी होते, परत आले तोवर त्याला नेलं होतं. तू कधी बोलली नाहीस, मी कधी विचारलं नाही. आता आपण दोघी म्हाताऱ्या झालो. सांगावंसं वाटलं तर सांग. नसेल तर राहू दे.

कोळसेवाली

१९ मार्च

रंगारणी,

तू सांगितलंस. एवढं सगळं सांगशील असं वाटलं नव्हतं. सूनबाईला लिहिताना मध्ये थांबावं लागलं असेल, कागदावर एका ठिकाणी शाई फुटली आहे.

मी त्यावर काही लिहीत नाही. मला तसलं लिहिता येत नाही.

इथे सगळं ठीक. आमचा म्हातारा माझ्याशी बोलत नाही. कारण विचारू नकोस. खोकला झालाय त्याला, त्यामुळेही असेल.

गल्लीच्या टोकाच्या भिंतीवर चित्र काढतायत, रंगाऱ्यांच्या कामाचं. शिडी लावून एक पोरगेला पेंटर दिवसभर टांगलेला असतो. बरंय. कुणाचं तरी नाव राहील.

यापुढे मला काही सांगत बसू नकोस. दमत असशील.

कोळसेवाली

८ एप्रिल

रंगारणी,

सूनबाई, हे पत्र वाचायला घेशील तेव्हा आधी दार लावून घे. शेजारी ऐकतील आणि मला तिथे येऊन तोंड दाखवायला जागा राहणार नाही. इथे तर राहिलेलीच नाही. पण एक ओळसुद्धा सोडू नकोस, तुला तुझ्या सासूची शपथ.

रंगारणी, तुझं परवाचं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. दोनदा काढून परत ठेवलं. तू लिहितेस, सुनेनं मोबाईलवर आपल्या भिंतीचं चित्र पाहिलं. एक बाई आहे, हंड्यात वाकलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, आणि खाली लिहिलंय, गल्लीतली शेवटची रंगारीण. दोन्ही हात निळे हे ऐकून तू हसलीस. म्हणालीस, "मग नमुना काय दातात धरते का ही?" मी पण हसले असते. तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! उजवा हात हंड्यात, सुताची ओली लडी वर काढायची, आणि डाव्या हातात गिऱ्हाइकाचा नमुन्याचा धागा, शेजारी धरून जुळवायचा. डावा ओला झाला तर नमुना बिघडला, दिवस बुडाला. म्हणून तुमच्या घरात सगळ्यांचा एक हात निळा आणि एक गोरा. त्या कोरड्या हातानं तू पोरांना भरवायचीस, माझ्या पोरांनासुद्धा. आणि मुस्काटीत द्यायचीस तीही त्याच हातानं, म्हणजे गालावर रंग उमटायला नको.

इथवर ठीक होतं. पण पुढे तू लिहिलंस ते मला वाचवत नाही. लिहिलंस, "मग वाटलं, एकटीच असेल बिचारी. हाताखाली कुणी नसेल, दोन्ही हात घालावे लागत असतील. मला वाटलं होतं हंडा माझ्याबरोबरच थंड झाला, पण माझ्या मागे कुणीतरी जागा ठेवला. कोण आहे ग ती? रविवारी सुनेबरोबर येते. आधी तिला भेटते, मग तुझ्याकडे."

ती कुणी नाही. ती मी आहे.

झालं लिहून. आता बाकीचं ऐक.

पहिल्या दोन सुट्ट्यांना मी लोकांना कोळशाचं सांगितलं. वॅगन कशी उतरवायची, चाळायचा कसा, भुकटीचे गोळे कसे वळायचे. तू म्हणायचीस मी वजनासाठी कोळशावर पाणी मारते, तेही सांगितलं. नाही मारायचे हेही सांगितलं. हे दुसरं तू खोटं म्हणशील. कुणी ऐकलं नाही. मोबाईल काढून बसले. काळ्याचा फोटो काय येणार? नात मागून डोळे करत होती, आजी, आवर.

तिसऱ्या खेपेला एका पोरीनं पालथ्या हंड्याकडे बोट दाखवलं. "आजी, हा तुमचा?"

म्हटलं, "हो." दारात होता, माझाच म्हणायचा.

"म्हणजे तुम्ही रंगारीण!"

मी तोंड उघडलं आणि त्यातून ‘नाही’ निघालं नाही. एवढंच झालं. सगळे वळले माझ्याकडे. सगळे! कोळसा विकला तेव्हा माझ्याकडे कुणी वळून पाहिलं असेल तर शिंक आली म्हणून. मला गोड वाटलं, रंगारणी. लाजही वाटली, पण आधी गोड वाटलं. तुझ्या हंड्यासारखं, चावलं नंतर.

मग सांगायला काही पाहिजे ना? माझ्याकडे कुठे होतं? तुझी चव, तुझं उत्तर. सहज विचारलं, मनात आलं म्हणून, हे सगळं खोटं. मी तुला एकेक विचारत होते आणि पुढच्या सुट्टीला दारात बसून विकत होते. नातीला माहीत होतं. एकदा म्हणाली, "आजी, हे बरोबर नाही." मी म्हणाले, तुझी नोकरी आहे ना यावर, मग गप. तिचा पगार मी तिच्या तोंडावर फेकला.

आणि मग तुझं नवऱ्याबद्दलचं पत्र आलं. काळ्याची कढई उकळत होती, तो पाटावरून घसरला, तू उजव्या हातानं ओढलंस, ओढताना तुझ्याकडे बघून म्हणाला, नमुना सांभाळ. हे तू सुनेलाही कधी सांगितलं नव्हतंस. मी त्या रविवारी तीस माणसांना सांगितलं. माझा नवरा म्हणून.

दोन बायका रडल्या. एक जण टोपी काढून उभा राहिला. आणि तेवढ्यात आतून आमचा म्हातारा खोकला. मग ओरडला, "अगं, चहाचं काय झालं?"

टोपीवाला विचारतो, "आत कोण आहे?"

मी म्हणाले, "दीर."

सगळे गेल्यावर चहा घेऊन आत गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी कप पुढे केला तर म्हणतो, "मेलेल्या माणसाला चहा कशाला?" चेष्टेत नाही म्हणाला. चेष्टेत म्हणाला असता तर मी चार शब्द सुनावले असते. मग म्हणाला, "तिच्या माणसाला मी खांद्यावरून नेलं होतं. तू नव्हतीस." त्या दिवसापासून तो माझ्या हातचं घेतो पण बोलत नाही.

चित्राचं सांगते. पेंटरनं माझा चेहरा काढला, हात निळे केले. मी खाली उभी होते. डावा हात निळा होताना बघत होते. बोलले नाही. सांगितलं असतं, बाबा डावा कोरडा ठेव, तर ती बाई पुरती तू झाली असतीस, चेहरा तेवढा माझा. तो हात चुकलेला आहे तोवर ती निदान तू नाहीस, असं काहीतरी मनात होतं. माझी तेवढीच एक चोरी करायची राहिली होती.

भिंतीच्या कार्यक्रमाला त्यांनी गटारात रंग ओतला. बाटलीतला, केकवर घालतात तो. निळं पाणी वाहिलं. लोकांनी पोरांना काठावर उभं करून फोटो काढले. माझ्या गळ्यात हार घातला. मी तो काढून हंड्यावर ठेवला, एवढीच काय ती अक्कल.

तुला दिसत नाही. रविवारी तू आली असतीस, मी म्हणाले असते, ती बाई गावाला गेलीय, चल चहा घे, तर तुला कळलं नसतं. हा विचार माझ्या डोक्यात दिवसभर होता. खोटं का बोलू? अजूनही थोडा आहे, म्हणून हे पत्र घाईनं पाठवते.

ये. मला शिव्या द्यायला ये.

कोळसेवाली

१४ एप्रिल

रंगारणी,

इस्त्रीवाल्याचा मेहुणा शनिवारी तुझा निरोप घेऊन आला. बिचारा दारात पाय बदलत उभा राहिला, बोलेना. म्हटलं, बोल मेल्या, तुला कोण खातंय. मग म्हणाला, "मावशी म्हणाल्या, येत नाही. रंगारीण नाहीच तिथे, तर कुणाला भेटायला येऊ?"

बरोबर आहे. मी असते तर याहून वाईट निरोप पाठवला असता.

काल रविवार होता. नात माणसं घेऊन आली. तिनं नेहमीसारखं सुरू केलं, "आणि ह्या आमच्या गल्लीतल्या शेवटच्या..." मी उठले. म्हटलं, "थांब. मी रंगारीण नाही. मी कोळसेवाली. रंगारीण जिवंत आहे, शहराबाहेर राहते, तिचा हंडा आहे हा, आणि मी तुम्हाला जे सांगितलं ते सगळं तिचं आहे."

नातीचा चेहरा असा पडला की माझ्याच्यानं बघवेना. एक जण म्हणाला, "पण भिंतीवर तर..."

म्हटलं, "तिकडेच निघालेय."

इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरतो, गल्लीत तोच एक. त्याच्या टोपलीतून दोन चांगले लाकडी कोळसे उचलले. तो म्हणतो, "आजी, कशाला?" म्हटलं, "हात धुवायला." हंडा गडगडवत भिंतीपर्यंत नेला. लोक मागून, जत्रेला निघाल्यासारखे. हंडा पालथा घातला आणि वर चढायला गेले तर तो डुलायला लागला. माझं वय तुला माहीत आहे, गुडघे माहीत आहेत. तेवढ्यात कुणीतरी खाली बसून दोन्ही हातांनी हंडा धरला. बघते तर आमचा म्हातारा. लुंगीवर, खोकत आलेला.

म्हणाला, "चढ. धरलाय."

टोपीवाला परत आला होता काल, नशीब माझं. विचारतो, "हे तुमचे दीर ना?"

मी वरून म्हणाले, "नवरा. कढईत पडला नाही. कामाला कधी कढईजवळ गेला असता तर पडला असता." म्हातारा खाली हसला. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकला.

मग मी ते हात काळे केले. बोटांपासून सुरुवात केली, कोपरापर्यंत पोचले. वर चेहऱ्यापर्यंत हात जाईना, जायची गरजही नव्हती, तो माझाच आहे. दोन्ही हात काळे केले. कोळशात कोरडा हात नसतो, रंगारणी. दोन्ही बुडतात. खाली ‘रंगारीण’ लिहिलं होतं तेही घासून बुजवलं. वर ‘कोळसेवाली’ लिहायला गेले, पण कोळसा संपला. ‘कोळ’ एवढंच झालं.

आणि माहीत आहे का काय झालं? टाळ्या वाजवल्या मेल्यांनी! त्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. मी हंड्यावर उभी, तोंडावर काळं, आणि खाली टाळ्या. इतकी लाज मला खोटं बोलताना वाटली नव्हती.

संस्थेनं नातीला उद्या बोलावलंय. तिचं काय होईल ठाऊक नाही. सकाळी माझ्यापुढे भाकऱ्यांचं ताट आदळून गेली, पण वाढून गेली. मी तिला म्हणाले, उद्या मी येते बरोबर, मी सांगते. ती म्हणाली, "तू आता कुठेही काही सांगू नकोस." ते मी मान्य केलं. तुझ्याशिवाय कुणाला काही सांगणार नाही.

तुझ्या माणसाची गोष्ट मला परत घेता येत नाही. तीस जणांच्या कानात गेली, त्यांनी घरी नेली. त्याला मी काही करू शकत नाही. भिंतीचं तेवढं करू शकत होते.

पेंटर बघून गेला. चिडला नाही, उलट म्हणाला, "कोळसा आहे, एका बादलीत जाईल." खरं आहे. तुझा रंग असता तर भिंत पडली तरी गेला नसता. ते शुक्रवारी पाणी मारून पुन्हा निळे करणार आहेत. म्हणून त्याच्या आत ये.

रंगारीण नाही म्हणून येत नाहीस, ठीक आहे. कोळसेवाली आहे. तिला भेटायला ये, नाही तर तिच्या थोबाडीत द्यायला ये.

तुला दिसणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं म्हणायला मला तोंड नाही. सूनबाई, तू हिला भिंतीपाशी ने आणि हिचा हात चित्रातल्या कोपराखाली टेकव. उजवा नको, त्या नखांत अजून निळं आहे म्हणे. डावा टेकव. मग बघून सांग तिला, तळवा काळा झाला का.

कोळसेवाली